कणा ताठण्यापूर्वी : दाहजन्य पृष्ठवंशविकार, जागतिक संशोधनाची दिशा आणि आपले कर्तव्य

कंबरदुखीचा रुग्ण आपल्यापैकी कोणाच्या चिकित्सालयात येत नाही? त्यांतील बहुसंख्यांची व्यथा श्रमजन्य असते आणि विश्रांती, अभ्यंग, स्वेदन व थोड्या औषधाने ती शमते. परंतु त्याच रांगेत अधूनमधून एक निराळा रुग्ण बसलेला असतो. वय विशी-तिशीच्या आसपास. दुखणे हळूहळू, नकळत सुरू झालेले. विश्रांतीने ते कमी होत नाही, उलट वाढते. चालल्या-फिरल्यावर बरे वाटते. उत्तररात्री दुखण्याने जाग येते, उठून येरझाऱ्या घातल्यावरच चैन पडते, आणि सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ असते. अशा रुग्णाच्या जुन्या चिठ्ठ्यांवर बहुधा 'गृध्रसी', 'मणक्यात गॅप' किंवा स्त्री असल्यास 'बाळंतपणानंतरची कंबरदुखी' असे निदान आढळते, आणि त्याखाली एक सल्ला हमखास असतो : विश्रांती घ्यावी.

ज्या व्याधीस अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आणि अलीकडे अधिक व्यापक अर्थाने अक्षीय स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात, त्या व्याधीत हा सल्ला घातक ठरतो. लक्षणांच्या आरंभापासून योग्य निदान होईपर्यंत जगभरात सरासरी साडेसहा ते सात वर्षे जातात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनातून दिसले. ही वर्षे तारुण्यातील, म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह यांची असतात. या कालापव्ययात सर्व पद्धतींच्या चिकित्सकांचा वाटा आहे. म्हणूनच या व्याधीच्या पुनर्वसनाविषयी जगात गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याची दिशा आयुर्वेदाच्या चिकित्सकांनी व औषधविक्रेत्यांनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. त्या दिशेने आपल्या काही परंपरागत समजुतींना पुष्टी मिळते, तर काही सवयींना धक्का बसतो. दोन्हींचा स्वीकार करण्याची तयारी हवी.

प्रथम थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वैद्यकाकडेही या व्याधीवर फारसे उपाय नव्हते. विश्रांती, आधाराचे पट्टे आणि पुढे पाठीच्या कण्यावर क्ष-किरणांचा मारा, हे उपचार रूढ होते. १९३५ ते १९५४ या काळात ब्रिटनमध्ये अशा किरणोपचार घेतलेल्या हजारो रुग्णांचा मागोवा कोर्ट ब्राउन आणि डॉल यांनी घेतला व १९५७ मध्ये अहवाल दिला. या रुग्णांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. वेदना शमवणारा उपचार निर्धोक असतोच असे नाही, हा धडा त्या अहवालाने दिला. १९७३ मध्ये लंडन व लॉस एंजलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाचा या व्याधीशी असलेला निकट संबंध दाखविला. १९८४ मध्ये निदानाचे सुधारित न्यूयॉर्क निकष आले. परंतु त्यांत क्ष-किरण चित्रातील त्रिकसंधीचा बदल आवश्यक होता, आणि तो दिसेपर्यंत वर्षे निघून जात. २००९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी एमआरआय तपासणीस स्थान दिले आणि क्ष-किरणात काही न दिसणाऱ्या अवस्थेतील रुग्णही ओळखता येऊ लागला. हा केवळ पुरुषांचा आजार होय, हा समजही त्यासोबत मागे पडला.

आता पुनर्वसनाविषयी. या विषयावरील संशोधनाची दिशा तीन वळणांत सांगता येते, असे आमचे मत आहे. पहिले वळण विश्रांतीकडून हालचालीकडे. दुसरे 'औषध की व्यायाम' या वादाकडून 'औषध आणि व्यायाम' या समन्वयाकडे. तिसरे चिकित्सकाच्या अंदाजाकडून रुग्णाच्या मोजमापाकडे.

पहिल्या वळणाचा पुरावा कॉक्रेन संस्थेच्या संकलनांत मिळतो. २००८ च्या संकलनात ११ चाचण्या व ७६३ रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा घरी केलेला किंवा देखरेखीखाली केलेला व्यायाम बरा. घरी एकट्याने करण्यापेक्षा गटाने, मार्गदर्शकासमवेत केलेला व्यायाम अधिक बरा, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ च्या संकलनात १४ चाचण्या व १,५७९ रुग्ण आले. येथे निष्कर्षाची भाषा अधिक सावध झाली : व्यायामाने कार्यक्षमता काहीशी सुधारते, वेदना कमी होऊ शकते, परंतु हा लाभ रुग्णाच्या दृष्टीने किती मोठा, याविषयी संकलकांनी शंका ठेवली. आम्हांस हा सावधपणा अनुकरणीय वाटतो. आपल्या उपचाराचा लाभ 'मध्यम' आहे असे छापून सांगण्याचे धैर्य ज्या शास्त्रात असते, त्याच्या 'मोठा लाभ आहे' या विधानावरही लोक विश्वास ठेवतात.

याच संदर्भात नेदरलँड्समधील एक चाचणी आपल्यासाठी विशेष बोधप्रद आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १२० रुग्णांचे ४०-४० चे तीन गट केले. एक गट ऑस्ट्रियातील बाड होफगास्टाइन येथे, दुसरा नेदरलँड्समधील आर्सेन येथे तीन आठवडे उष्णोदक-चिकित्सा केंद्रात राहिला. तिसरा घरीच राहून औषधे व आठवड्यातून एकदा सामूहिक व्यायाम करीत राहिला. केंद्रांत काय होते? सामूहिक व्यायाम, चालणे, उताणे झोपून शरीरस्थिती सुधारण्याचा सराव, पाण्यातील व्यायाम, खेळ, आणि त्यासोबत एका ठिकाणी उष्ण खाणीतील तर दुसऱ्या ठिकाणी सॉनाचा स्वेद. केंद्रांत राहिलेल्या दोन्ही गटांची सुधारणा घरच्या गटापेक्षा अधिक झाली व ती काही महिने टिकली. स्वेदन, निवास, नियमित दिनचर्या आणि व्यायाम यांचा हा संयोग पंचकर्म केंद्र चालविणाऱ्या वैद्यास परका वाटू नये. मात्र एक भेद डोळ्यांआड करता येणार नाही. तेथे स्वेदन व्यायामाच्या सोबतीने होते. आपल्या अनेक केंद्रांत स्वेदन हेच सर्वस्व असते आणि व्यायाम निरोप देताना तोंडी सांगितला जातो.

दुसरे वळण २००० नंतरचे. टीएनएफ या दाहकारक घटकास रोखणारी जैविक औषधे या व्याधीत आली व अनेक रुग्णांचा दाह वेगाने शमू लागला. पुढे इंटरल्यूकिन-१७ रोखणारी आणि पोटात घेण्याची जेएके-रोधक औषधेही आली. आता व्यायामाची गरज संपेल, असे अनेकांस वाटले होते. तसे झाले नाही. इटलीतून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टीएनएफ-रोधक औषधांवर स्थिर असलेल्या ६२ रुग्णांपैकी ज्यांना पद्धतशीर व्यायाम-शिक्षण मिळाले, त्यांची हालचाल व कार्यक्षमता इतरांपेक्षा अधिक सुधारली. औषधाने आग विझते. वाकलेली सवय, दुबळे स्नायू आणि आक्रसलेली छाती औषधाने सरळ होत नाही.

परंतु व्यायाम किती करावा? २०१४ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की, स्नायुबंध जेथे अस्थीस जोडले जातात त्या स्थानी यांत्रिक ताणामुळे दाह भडकतो; मागच्या पायांवरील भार काढून घेतलेल्या उंदरांत तो दाह कमी राहिला. मग ताण देणारा व्यायाम माणसात रोग वाढवील काय, अशी सार्थ शंका निर्माण झाली. तिचे उत्तर नॉर्वे व स्वीडनमधील १०० रुग्णांवरील चाचणीने दिले. २०२० च्या या चाचणीत तीन महिने, आठवड्यातून तीनदा, हृदयगती तिच्या कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांवर नेणारा टप्प्याटप्प्याचा तीव्र व्यायाम आणि स्नायुबलवर्धन देण्यात आले. रोगाची सक्रियता वाढली नाही. उलट कमी झाली.

येथे आपल्यापुढे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. वाग्भटाचार्यांनी व्यायामास अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे, आणि ९० टक्के हृदयगती ही अर्धशक्ती खचित नव्हे. अशा वेळी आपल्याकडे दोन सोपे मार्ग चोखाळले जातात. एक, 'हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच आहे' असे म्हणून विषय मिटविणे. दुसरा, ग्रंथवचन कालबाह्य ठरवून मोकळे होणे. आम्हांस दोन्ही मान्य नाहीत. अर्धशक्ती ही रुग्णाच्या स्वतःच्या बलाची अर्धी शक्ती आहे. बल वाढले की मर्यादाही वाढते. शिवाय त्या चाचणीतील रुग्ण देखरेखीखाली होते. सामावस्थेतील, कृश, निद्रानाशाने थकलेल्या आपल्या रुग्णास पहिल्याच दिवशी तीव्र व्यायाम द्यावा असे कोणी म्हणत नाही. तथापि 'अर्धशक्तीने आरंभ करून बलानुसार वाढवीत नेलेला व्यायाम' आणि 'कायम सौम्य व्यायाम' यांत कोणता श्रेयस्कर, हा प्रश्न वादाने सुटणार नाही. तो रुग्णांवर, मोजमापासह, पडताळून पाहिला पाहिजे. ते काम आपण केले नाही तर अन्य कोणी आपल्यासाठी करणार नाही.

अमेरिकन संधिवात महाविद्यालयाने संबंधित संस्थांसह २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींत दोन गोष्टी आपल्या व्यवसायास थेट भिडतात. पहिली, रुग्णाने स्वतः करावयाच्या सक्रिय उपचारास, त्याच्यावर केल्या जाणाऱ्या निष्क्रिय उपचारापेक्षा प्राधान्य द्यावे. दुसरी, ज्यांचा कणा सांधला गेला आहे किंवा ज्यांना पाठीच्या कण्याचा प्रगत अस्थिसौषिर्य आहे, त्यांच्या कण्यावर झटक्याचे मर्दन-चालन करू नये, अशी ठाम मनाई. सांधलेला कणा बाहेरून मजबूत दिसतो, पण आतून ठिसूळ असतो. किरकोळ आघातानेही तो मोडू शकतो आणि मज्जारज्जूस इजा होऊन रुग्ण पंगू होऊ शकतो. गावोगावी 'मणका बसवून देणारे' आहेत, आणि खेदाने म्हणावे लागते की काही चिकित्सालयांतही मर्दनाच्या शेवटी मान व कंबर 'कट्' असा आवाज येईपर्यंत पिळली जाते. या व्याधीचा संशय असलेल्या एकाही रुग्णावर असे होता कामा नये. पृष्ठभागी जोरकस मर्दनाविषयी आपल्या उपचारकांस स्पष्ट सूचना लेखी द्याव्यात.

निष्क्रिय उपचारांच्या मुद्द्याने मात्र आपण दुखावून जाण्याचे कारण नाही. स्नेहन-स्वेदन हे आपल्याकडेही स्वतंत्र गंतव्य नाही. शोधनाच्या आधीचे पूर्वकर्म आहे. हाच विचार येथे पुढे न्यावा. सामावस्थेत, म्हणजे स्तंभ, गौरव, ज्वरांश, अग्निमांद्य असताना, आमवाताच्या क्रमाने लंघन, दीपन-पाचन व वालुकेचा रूक्ष स्वेद. तेथे तेलाचा अभ्यंग टाळावा, हे आपण जाणतोच. निरामावस्थेत अभ्यंग, पत्रपोट्टली वा षष्टिकशाली पिंडस्वेद, आणि अस्थिमज्जागत वाताचा विचार करून तिक्तक्षीरबस्ती. या सर्वांनी वेदना व स्तंभ कमी झालेला तो एक-दोन तासांचा काळ, तोच व्यायामाचा खरा मुहूर्त होय. स्वेदन-मेजावरून उतरलेल्या रुग्णास चहा देऊन घरी पाठवू नये. पाठीचे प्रसारण, छाती फुलविणारे श्वसन, नितंबसंधीच्या हालचाली, भिंतीस पाठ टेकून ताठ उभे राहणे, पालथे झोपणे, हे त्याच्याकडून तेथेच करवून घ्यावे. उपचारांच्या दराबरोबर या अर्ध्या तासाचाही दर लावावा, म्हणजे रुग्णासही त्याचे मोल कळेल.

तिसरे वळण मोजमापाचे. इंग्लंडमधील बाथ येथील संधिवात रुग्णालयाने १९९४ मध्ये या व्याधीची सक्रियता मोजण्यासाठी केवळ सहा प्रश्नांचा निर्देशांक तयार केला : थकवा, मान-पाठ-नितंबाची वेदना, इतर सांध्यांची वेदना वा शोथ, स्पर्शासहत्व, सकाळच्या स्तंभाची तीव्रता आणि त्याचा कालावधी. शून्य ते दहा गुणांत उत्तर. चार वा अधिक आल्यास रोग सक्रिय. यास यंत्र लागत नाही, कागद लागतो. त्याबरोबर शिंप्याची फीत घ्यावी. कंबरेच्या खालच्या टोकाशी व त्यावर १० सेंमी अशा दोन खुणा करून रुग्णास पुढे वाकवावे. निरोगी तरुणात हे अंतर सुमारे १५ सेंमी होते, या व्याधीत ते फारसे वाढत नाही. चौथ्या बरगडीच्या पातळीवर छातीचा विस्तार मोजावा. अडीच सेंमीहून कमी असल्यास सावध व्हावे. भिंतीशी उभे करून डोक्याची मागची बाजू भिंतीस टेकते की नाही ते पाहावे. पाच मिनिटांत ही परीक्षा होते. दर तीन महिन्यांनी तिची नोंद ठेवली, तर 'बरे वाटते' यापुढे जाऊन कणा वाचतो आहे की नाही हे आपणांस सांगता येईल.

आयुर्वेदीय संशोधनाची आजची स्थिती या कसोटीवर तपासली तर काय दिसते? या व्याधीवर आपल्या नियतकालिकांत येणारे लेखन मुख्यत्वे एकेका रुग्णाच्या वृत्तांताचे आहे. वृत्तांत मौल्यवान असतो, पण तो प्रश्न विचारतो, उत्तर देत नाही. 'व्यक्तिसापेक्ष आयुर्वेदीय चिकित्सा चाचणीत बसतच नाही' ही सबब आता चालणार नाही. आमवातसदृश ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये कोइमतूर येथे झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४३ रुग्णांना, शास्त्रोक्त व व्यक्तिसापेक्ष आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट किंवा दोन्ही, अशी द्विअंध पद्धतीने ३६ आठवडे देण्यात आली. महाराष्ट्रात तर पुण्याच्या संधिवात केंद्रातून डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातात ४४० रुग्णांवर आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिबशी करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राच्य व्यायामपद्धतींबाबतही काम चालू आहे. २००८ मध्ये कोरियात ताई-चीचा या कणाविकारातील परिणाम तपासला गेला. म्हणजे मार्ग आहे, चालणारे कमी आहेत. ज्यांचे पंचकर्म केंद्र आहे अशा संघटनेच्या सभासदांनी एकसमान नोंदपत्रक स्वीकारावे, वरील मोजमापे आरंभी व दर तीन महिन्यांस घ्यावीत आणि दोन वर्षांनी ती एकत्र मांडावीत. यशाइतक्याच अपयशाच्या नोंदी त्यांत असाव्यात. प्रारंभास एवढे पुरे आहे.

औषधालये चालविणाऱ्या आमच्या बंधु-भगिनींस स्वतंत्रपणे काही सांगणे आहे, कारण असा रुग्ण वैद्याच्या आधी अनेकदा आपल्या दुकानाची पायरी चढतो. पंचविशीतला तरुण महिनोन् महिने कंबरेसाठी तेल व गुग्गुळकल्प नेत असेल, तर त्यास एकच प्रश्न विचारावा : विश्रांतीने दुखणे कमी होते की वाढते? 'वाढते' असे उत्तर आल्यास त्यास तपासणीसाठी पाठवावे. कंबरदुखीबरोबर डोळा लाल होऊन दुखत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे. या व्याधीच्या सुमारे एक-चतुर्थांश वा अधिक रुग्णांत डोळ्याच्या आतील पडद्यास शोथ येतो आणि दुर्लक्षाने दृष्टी जाऊ शकते. लेबल नसलेल्या, दोन दिवसांत चमत्कार दाखविणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्या विकू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो, आणि आधीच ठिसूळ होत चाललेल्या कण्यास तो विषासमान आहे. 'संधिवात मुळापासून नष्ट' अशा जाहिरातींविषयी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय अधिनियम काय सांगतो, हे आपण जाणताच. कायद्याहून मोठी गोष्ट ही की, त्या जाहिरातीवर विसंबून तरुणाची उमेदीची दोन वर्षे जातात.

जो रुग्ण जैविक औषधे घेत आहे, त्यास ती परस्पर बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. या औषधांमुळे सुप्त क्षयरोग उफाळू शकतो; म्हणून अशा रुग्णास ज्वर, कास वा वजनात घट झाल्यास ते आमाचे लक्षण समजून थांबू नये, त्याच्या संधिवाततज्ज्ञास कळवावे. ही औषधे महाग असल्याने अनेकजण ती मध्येच सोडतात व आपल्याकडे येतात. अशांस आपण कमीपणा न मानता संयुक्त चिकित्सेत सामावून घ्यावे. धूम्रपान सोडविणे हेही आपलेच काम. या व्याधीत ते कण्याच्या ताठरण्याशी निगडित आढळले आहे.

व्याधीचे नाव ठाऊक नसले तरी वैद्याने लज्जित होऊ नये, असा दिलासा चरकाचार्यांनी दिला आहे. पण दोष, अधिष्ठान व हेतू पाहून चिकित्सा करण्याची जबाबदारीही त्याच श्वासात घातली आहे. या व्याधीस आमवात म्हणावे, अस्थिमज्जागत वात म्हणावे की आणखी काही, ही चर्चा संमेलनांतून होत राहो. दरम्यान चिकित्सालयात बसलेल्या तरुणाचा कणा आपल्या चर्चेसाठी थांबणार नाही. एकदा अस्थी अस्थीस जुळली की जगातील कोणतीही पद्धती ती सोडवू शकत नाही. त्याआधीची वर्षे मात्र आपल्या हातात असतात, आणि त्या वर्षांत फीत, नोंदवही, बलानुसार व्यायाम व अचूक वेळी योग्य ठिकाणी पाठविलेली चिठ्ठी यांचे मोल कोणत्याही कल्पापेक्षा कमी नाही, एवढेच आमचे सांगणे आहे.